झाडं ओळखता येतात, आता बाग आखायची आहे. पुढे काय शिकायचं?

प्रश्न असा आहे: ‘मी कृषी पदवीधर आहे. उरुळी कांचनच्या एका नर्सरीत दोन वर्षं काम केलं, झाडांची माहिती चांगली आहे. ओळखीच्या एका कुटुंबाने तळेगावजवळच्या चार गुंठे जागेतली बंगल्याची बाग करून द्यायला सांगितलंय. गार्डन डिझायनर म्हणून व्यवसाय करायचा तर अजून काय यायला हवं? कोर्स करावा का? आणि हे काम घ्यावं का?’

मी २४ वर्षं पुण्यात आणि आसपास हे काम करते. झाडांची माहिती ही तुमच्याजवळची मोठी शिदोरी आहे. ड्रॉइंगच्या बाजूने या व्यवसायात येणाऱ्यांना ती मिळवायला बरीच वर्षं लागतात, मलाही लागली. पण बाग आखताना झाडांची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि नर्सरीतून आलेल्या माणसाला नेमकं हेच अंगवळणी पाडून घ्यावं लागतं. मोकळी जागा दिसली की आपल्या डोळ्यांपुढे लगेच इथे बहावा, तिथे सोनचाफा असं यायला लागतं. ते थोडं थांबवायला शिका. मी साइटवर ज्या क्रमाने बघते, त्याच क्रमाने सांगते.

पहिलं पाणी. दोन्ही अर्थांनी: पावसाळ्यात ते कुठे जाणार आणि उन्हाळ्यात ते कुठून येणार.

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झालं, एवढं एक गणित कायम डोक्यात ठेवा. चार गुंठे म्हणजे साधारण ४०० चौरस मीटर. जूनमधल्या एखाद्या वळवाच्या सरीत तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका तासात तुमच्या जागेवर २०,००० लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. शेजारच्या चढावरून येणारं पाणी यात धरलेलंच नाही. हे पाणी कुठून शिरणार, कुठे थांबणार आणि कुठून बाहेर पडणार, हे ड्रॉइंगवर बाणांनी दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी लेव्हल घ्यायला, म्हणजे जागेचा उंचसखलपणा मोजायला शिका. त्यासाठीचं तिपाईवरचं दुर्बिणीसारखं यंत्र, ऑटो लेव्हल, भाड्याने मिळतं. लहान जागेला गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळीही पुरते, ती वापरायला एखाद्या जुन्या गवंड्याकडून शिकून घ्या. लॉनला मीटरमागे एक ते दोन सेंटिमीटर उतार लागतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला मात्र कळतो. मातीची पातळी घराच्या जोत्यापासून निदान अर्धा फूट खाली राहिली पाहिजे, नाहीतर दोन पावसाळ्यांत आतल्या भिंतीला ओल येते आणि दोष बागेवर येतो. तो योग्यच असतो.

पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी शहरात आणलं ते पंपाशिवाय, नुसत्या उताराच्या बळावर. पुण्यातले जुने हौद आणि कारंजी त्या पाण्यावर चालत. पाण्याची पातळी ओळखणं ही आपल्याकडची जुनी विद्या आहे आणि बाग आखणाऱ्याने ती शिकायलाच हवी.

आता उन्हाळ्याची बाजू. एप्रिल-मेमध्ये लॉनला चौरस मीटरमागे रोज पाच-सहा लिटर पाणी लागतं. १०० चौरस मीटर लॉन म्हणजे दिवसाला पाचशे ते सहाशे लिटर. शहरात माणशी १३५ लिटर हे पाणीपुरवठ्याचं नेहमीचं मानक आहे, म्हणजे तेवढं लॉन चार माणसांच्या कुटुंबाइतकं पाणी पितं. मालकांना मी हा आकडा पहिल्याच भेटीत सांगते. बोअरला मार्चनंतर पाणी किती राहतं हे विचारते आणि मग लॉनचा आकार ठरवते. पुष्कळदा लॉन निम्म्याने कमी होतं आणि उरलेल्या जागेत सावलीचं झाड आणि बसायची फरसबंदी येते. ठिबकच्या नळ्या, ड्रीपरचा ताशी लिटरचा आकडा, फिल्टर आणि बोअरच्या जड पाण्याने ड्रीपर तुंबले तर ते साफ करायची पद्धत, हे तुम्ही शेतीच्या शिक्षणात शिकला असाल. ते इथे सोन्यासारखं उपयोगी पडेल.

दुसरं माती. यात माझी एक चूक सांगते, कारण तिने मला फार शिकवलं. व्यवसायाच्या तिसऱ्या वर्षी एका बंगल्याची बाग केली. वरची लाल माती छान दिसत होती. मी तिच्यावर विश्वास ठेवला, खणून पाहिलं नाही. बकुळ, अनंत, दोन कवठी चाफे लावले. पहिलं वर्ष सगळं उत्तम गेलं, मालकीणबाई सगळ्यांना बाग दाखवायच्या. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एकेक झाड पिवळं पडून बसायला लागलं. शेवटी खणलं, तर अर्ध्या फुटाखाली बांधकामाचा राडारोडा: विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट, प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि त्याखाली रोलरने दाबलेला मुरूम. पाणी खाली जायला वाटच नव्हती, मुळं कुजली होती. त्या बाईंनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, त्याने मला जास्त वाईट वाटलं. झाडं मी माझ्या खर्चाने बदलली.

तेव्हापासून कुठल्याही साइटवर चार-पाच ठिकाणी दोन-दोन फुटांचे खड्डे घेतल्याशिवाय मी कागदावर रेघ ओढत नाही. खड्डा पाण्याने भरायचा, ते जिरू द्यायचं, पुन्हा भरायचा आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघायचं. पाणी तसंच उभं असेल तर आधी निचऱ्याचं काम, मग बाकी सगळं. काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते, तिच्यावर पातळ काँक्रीटची पायवाट टाकली तर दोन वर्षांत तडे जातात. मुरमाड जागेत उलट प्रकार, पाणी थांबतच नाही. चुनखडीची जमीन किंवा बोअरचं जड पाणी असेल तर अनंत आणि एक्झोरा यांची पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. लोक त्याला खत कमी पडलं समजून आणखी खत घालतात. खरं तर जमिनीत लोह असतं, ते झाडाला घेता येत नाही. हे तुम्ही पुस्तकात वाचलं आहे. आता ते जागेवर, दुरून ओळखायची सवय लावा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून माती-पाण्याचं परीक्षण करून घेणं हा प्रत्येक कामाचा भाग करा.

मातीचा हिशेबही यायला हवा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. चार गुंठ्यांवर सरसकट एक फूट माती पसरायची म्हटलं तर चाळीस ब्रासच्या पुढे जाते. इतकी माती आणायची म्हणजे कुठल्यातरी शेताची वरची माती खरवडली जाते, हेही लक्षात असू द्या. मी माती कमी आणते. खड्डे मोठे घेते, शेणखत-पालापाचोळा जास्त घालते, आणि पैसे वाचतात ते वेगळंच.

ऊन ही गोष्ट नर्सरीच्या शेडनेटखाली काम केलेल्यांच्या लक्षात उशिरा येते. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरमध्ये भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे साधारण ४८ अंशांवर असतो, म्हणजे शेजारच्या सात मजली इमारतीची सावली उत्तरेला जवळजवळ तिच्या उंचीइतकीच पडते. तोच सूर्य मेच्या मध्याला थेट डोक्यावर येतो, ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो, आणि नंतर जुलैच्या अखेरपर्यंत दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे डिसेंबरात उत्तरेच्या भिंतीलगत ‘ही सावलीची जागा’ म्हणून लावलेली पानझाडं एप्रिल-मेच्या तिरप्या उन्हात करपतात. हे टाळायला खूप हुशारी लागत नाही. साइटवर सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच अशा तीन वेळी जायचं, फोटो काढायचे, दिशा टिपायच्या आणि मग सूर्य बाकीच्या महिन्यांत कुठे असेल याचा विचार करायचा.

बांधकामाचं ज्ञान इंजिनिअरइतकं नको, पण इंजिनिअरला योग्य प्रश्न विचारता येईल इतकं हवं. सगळ्यात मोठा धोका गच्चीवरच्या बागेत असतो. ज्या गच्चीवर माणसं जातात तिच्यासाठी इमारतीच्या मानकांत चौरस मीटरला साधारण १५० किलोचा भार धरतात. एक फूट जाडीची ओली माती त्याच चौरस मीटरवर पाचशे किलोच्या पुढे जाते, वर झाड आणि कुंडी वेगळी. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय गच्चीवर मातीची एक पाटीही चढवू नका, मालक कितीही म्हणाला तरी. कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी माती यांचं हलकं मिश्रण, कुंड्या बीमच्या रेषेवर, आणि सगळ्यात आधी वॉटरप्रूफिंगची तपासणी.

पायऱ्यांबद्दल एक सांगते, कारण बागेतल्या पायऱ्या लोक घरातल्यासारख्याच करतात. बागेत चाल निवांत असते. उंची दीडशे मिलिमीटर किंवा कमी आणि पाऊल ठेवायची जागा साडेतीनशेच्या आसपास ठेवली, तर सत्तरीच्या आजीही हातात तांब्या घेऊन सहज उतरतात. दोन माणसांना बरोबरीने चालायचं तर वाट निदान चार फुटांची हवी. पावसाळ्यात शेवाळ धरेल अशी गुळगुळीत फरशी नको. दिव्यांचं काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करा, पाण्याजवळचे दिवे १२ व्होल्टचे ठेवा. दिव्यांबद्दल याहून जास्त सांगत नाही. बागेत लोक दिवे गरजेपेक्षा जास्तच लावतात.

ड्रॉइंगबद्दल विचाराल तर आधी हाताने शिका. टेपने जागा मोजून, तिरपी मापं घेऊन, १:१०० वर बरोबर नकाशा काढता आला पाहिजे. मग सेक्शन, म्हणजे जागा उभी कापली तर बाजूने कशी दिसेल ते ड्रॉइंग. नवे लोक वरून दिसणारा नकाशा छान काढतात, पण माणूस जागेचा अनुभव वरून घेत नाही. बसल्यावर डोळा कुठे येतो, कुंपणाची भिंत किती दिसते, शेजाऱ्याची खिडकी कुठे आहे, हे फक्त सेक्शनमध्ये कळतं. ऑटोकॅड, स्केचअप ही कॉम्प्युटरवरची ड्रॉइंगची साधनं नंतर सहा महिन्यांत येतील. डोळा तयार करायला सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जाऊन बसा. ते जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. तिथली वाट कुठे वळते, वळणाआधी काय झाकलेलं असतं आणि वळल्यावर काय उघडतं, हे वहीत काढा. तीच झाडं आपल्या बंगल्यात लावा असं मी म्हणत नाही. जागा थोडी-थोडी उलगडायची कशी, ते तिथे शिकता येतं.

आता झाडं. नर्सरीत तुम्ही झाड पिशवीत पाहता. डिझायनरने ते दहाव्या वर्षी पाहायचं असतं. त्यासाठी एम्प्रेस गार्डनसारख्या जुन्या बागांत पूर्ण वाढलेल्या झाडांखाली उभं राहा, घेर पावलांनी मोजा. फायकस बेंजामिना हेज म्हणून सुंदर दिसतो आणि सात-आठ वर्षांत कुंपणाची भिंत उचलतो. झटपट हिरवी भिंत हवी म्हणून कोनोकार्पसची मागणी अजूनही येते. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, मी तो कधीच लावत नाही. लहान मुलं असलेल्या घरात कण्हेर आणि बिट्टी नको, दोन्ही विषारी आहेत. सप्तपर्णी बेडरूमच्या खिडकीपाशी नको, ऑक्टोबरमध्ये तिच्या वासाने काहींचं डोकं दुखतं.

वर्षाची फुलांची साखळी बांधता येणं हे माझ्या मते या कामातलं सगळ्यात आनंदाचं कौशल्य आहे. फेब्रुवारीत पांगारा, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण, उन्हाळ्याच्या संध्याकाळी मोगरा, पावसात कदंब, गणपती-नवरात्रात प्राजक्त, आणि दिवाळीच्या सुमारास बुचाच्या फुलांचा सडा. पुण्यात ज्याचं बालपण गेलं त्याला बुचाच्या वासाने काय होतं ते मी सांगायला नको. एक तक्ता करा: बारा महिने आडवे, झाडं उभी, आणि फुलं, पानगळ, फळं, वास असं भरत जा. पुस्तकातून भरू नका, रस्त्यावरून चालताना बघून भरा. माझा तक्ता भरायला तीन वर्षं लागली आणि अजूनही त्यात भर पडते.

मालकाला पहिल्याच दिवशी भरगच्च बाग हवी असते. झुडपं दाट लावली तर तीन वर्षांत एकमेकांचा गळा धरतात. मी मुख्य झाडं योग्य अंतरावर लावते आणि मधल्या जागा पपई, शेवगा, केळ, झेंडू अशा लवकर येणाऱ्या नि नंतर काढता येणाऱ्या झाडांनी भरते. कोणती झाडं कधी काढायची ते लिहून देते. आंध्रातल्या कडियमहून मोठी झाडं येतात, ती घेताना मुळांचा गड्डा नक्की बघा. चिकट गाळाचा घट्ट गोळा तसाच खड्ड्यात ठेवला तर मुळं त्यातून बाहेर पडायला फार वेळ घेतात. हे तुम्हाला नर्सरीमुळे माहीत असेल, पण कंत्राटदाराला ते सांगणं आणि तिथे उभं राहून करून घेणं हे आता तुमचं काम.

यानंतर माणसं. पहिल्या भेटीत मी झाडांबद्दल काहीच विचारत नाही. सकाळचा चहा कुठे घेता? कपडे कुठे वाळत घालता? घरात पूजा कोण करतं, रोज कोणती फुलं लागतात? पाहुणे आले की गाड्या कुठे लागतात? कुत्रा आहे का? या उत्तरांतून निम्मी बाग उभी राहते. एका घरी आजोबांना दुर्वा तोडायला वाकता येत नव्हतं. आम्ही दुर्वांचा वाफा अडीच फूट उंच कट्ट्यावर केला. त्या बागेतली सगळ्यात जास्त वापरली जाणारी जागा तीच आहे.

आणि माळी. डिझाइन पूर्ण व्हायच्या आधी माळ्याला साइटवर बोलवा. तो आठवड्याला किती तास येणार, हे बागेचं खरं बजेट आहे. पावसाळ्यात लॉन आठ-दहा दिवसांनी कापावं लागतं, हेजची छाटणी, आळी करणं, आच्छादन घालणं, लिलीच्या हौदात डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे टिकवणं, हे सगळं त्याच्या हातून होणार आहे. आमच्याबरोबर काम केलेल्या एका जुन्या माळ्यांनी मला एकदा नकाशावर बोट ठेवून विचारलं, ‘ताई, इथं खुरपं घेऊन बसायचं कसं?’ भिंत आणि हेज यांत मी नऊ इंच जागा ठेवली होती. माणूस शिरू शकत नव्हता. तेव्हापासून प्रत्येक हेजमागे दीड-दोन फुटांची वाट ठेवते, आणि बाग सोपवताना महिनावार कामांचा कागद मराठीत, मोठ्या अक्षरांत, माळ्याच्या हातात देते.

व्यवहाराचं थोडक्यात. डिझाइनची फी आणि रोपांची विक्री वेगळी ठेवा. झाडं माझ्याकडून घ्या, डिझाइन फुकट, असं एकदा म्हटलं की गरजेपेक्षा जास्त झाडं लावायचा मोह होतोच. फी टप्प्यांत घ्या: मोजणी आणि पहिला आराखडा, पक्की ड्रॉइंग आणि अंदाजपत्रक, मग साइटवरच्या भेटी. काय धरलं आहे आणि काय नाही ते लिहून द्या. शहरात जुनं झाड हलवायचं किंवा तोडायचं असेल तर महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. झाड वाचवून आराखडा बदलणं बहुतेक वेळा सोपं असतं, आणि बाग जास्त चांगली होते.

कोर्सचं असं आहे. टाउनशिप, कॅम्पस, सार्वजनिक उद्यानं करायची असतील तर लँडस्केप आर्किटेक्चरचं पदव्युत्तर शिक्षण लागतं. दिल्लीचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर), अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ, पुण्याचं भानुबेन नानावटी महाविद्यालय इथे ते आहे, पण प्रवेशाला सहसा आर्किटेक्चरची पदवी लागते, तेव्हा नियम आधी बघा. बंगले, फार्महाउस, सोसायट्या, गच्च्या हे तुमचं क्षेत्र असेल तर ड्राफ्टिंगचा एखादा लहान कोर्स करा आणि दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली साइटवर काढा. माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. लेव्हल, निचरा आणि गवंडीकाम वर्गात कळत नाही.

तळेगावचं काम घ्या. मात्र मालकांना दोन गोष्टी आधीच सांगा: हे तुमचं पहिलं काम आहे, आणि लागवड या पावसाळ्याच्या सुरुवातीला न होता जुलैअखेर होईल. तळेगावला पुण्यापेक्षा पाऊस जास्त, त्यामुळे पहिले दोन मोठे पाऊस तुम्हाला सगळा नकाशा दाखवतील. खड्डे आत्ताच घेऊन ठेवा. पहिली जोरदार सर आली की छत्री, बांबूच्या वीसेक खुंट्या आणि हातोडा घेऊन तिथे पोचा. पाणी जिथून आत येतं तिथे लाल फीत बांधलेली खुंटी ठोका, जिथे थांबतं तिथे पांढरी. सर ओसरल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा फेरी मारा आणि पांढऱ्या खुंट्यांपाशी अजून पाणी आहे का ते बघा. मग सगळ्या खुंट्या नकाशावर उतरवा. तो कागद तयार झाला की मला दाखवा, पुढचं त्यावर बोलू.